अर्नाळ्याची प्रत चांदीपला

बावखलाच्या, म्हणजे घराजवळच्या छोट्या तळ्याच्या, काठचा पांगारा यंदाही आधी सगळी पानं टाकून बसला, आणि मग एका सकाळी उठून पाहते तर लालभडक. खाली पाण्यात तेवढाच दुसरा पांगारा. साळुंक्या येऊन फुलांत चोची बुडवत होत्या. मी शाळेत निघाले होते, तरी थांबले. पांगारा फुलला की आमच्याकडे राखेचा बुधवार जवळ आला असं समजायचं. कपाळाला राख लागते आणि उपवासकाळ सुरू होतो. लग्नसमारंभ थांबतात, बँडबाजा थांबतो, घराघरांत जेवणंही साधी होतात. लहानपणी मला हे दिवस फार लांबलेले वाटायचे. आता तसं वाटत नाही. एका वर्षीच्या उपवासकाळाने माझं हे मत बदललं, आणि त्या वर्षाची आठवण आली की पांगाऱ्याच्या आधी मला संगणकाच्या पंख्याची घरघर ऐकू येते.

आमचं गाव विरारच्या पश्चिमेला, अर्नाळ्याच्या रस्त्यावर. मी शाळेत मराठी शिकवते. माझा नवरा सायमन संगणकाच्या क्षेत्रात आहे, पण लोकांना वाटतं तसा प्रोग्राम लिहिणारा नव्हे. मोठ्या कंपन्यांची माहिती जिथे साठवतात ती लोखंडी कपाटांएवढी यंत्रं तो सांभाळतो. कुणाला किती जागा द्यायची, कुठली डिस्क खराब झाली, कशाची प्रत कुठे ठेवायची, सगळं त्याच्याकडे. याला स्टोरेज ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात. नव्या मुंबईत थंडगार हवेच्या एका इमारतीत त्याचं ऑफिस आहे. लग्न झालं तेव्हा मी त्याला विचारलं होतं, "म्हणजे तू गोडाऊन कीपर?" तो म्हणाला होता, "हो, फक्त माल दिसत नाही."

हे तो गाण्याच्या आवाजात म्हणाला होता. सायमनचा आवाजच तसा होता. चर्चच्या गायनवृंदात तो खालचे सूर धरायचा. बाकीचे चुकले तरी त्यांना परत यायला तो सूर तिथे असायचा.

त्या वर्षी नाताळानंतर तो आवाज बसला. सर्दी असेल, थंडी असेल, म्हणत आम्ही महिना घालवला. मग डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरतंतूवर एक गाठ होती. ती काढली आणि तपासायला पाठवली. डॉक्टर म्हणाले, "आता पंधरा दिवस एक शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही, कुजबुजीने जास्त ताण येतो." आम्ही घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार होता. फादरनी सायमनच्या कपाळाला राख लावली. त्याने उत्तरादाखल फक्त डोळे मिटले.

गाठीचा अहवाल यायचा होता. त्याबद्दल आम्ही दोघंही काही बोलत नव्हतो. त्याला बोलायची बंदी होती, आणि मला धीर नव्हता.

त्यातच ऑफिसातून मेल आला. कंपनीतली सगळी जुनी यंत्रं जाऊन नव्या जातीची यंत्रं येणार होती. जे लोक ती चालवणार त्यांना ईस्टरनंतर परीक्षा द्यावी लागणार होती. हातात संगणक देऊन प्रत्यक्ष काम करायला सांगणार, आणि काय करतोय ते व्हिडिओवर समजावून सांगायचं. जे पास होणार नाहीत त्यांचं काय, ते मेलमध्ये लिहिलेलं नव्हतं. मी मेल वाचला आणि सायमनकडे पाहिलं. "त्यांना कळव ना, आजारी आहे म्हणून. लेखी घ्या म्हणावं."

त्याने मान हलवली. नाही.

"मग सराव कसा करणार? यंत्रं तिकडे, तू इकडे."

तो उठून आमच्या मुलीच्या खोलीत गेला. रिया पुण्याला शिकायला होती, तिचा खेळासाठी घेतलेला जाडजूड संगणक टेबलावर पडून होता. सायमनने त्याची एक बाजू उघडली, आतली धूळ माझ्या ओढणीने पुसली, आणि बाजारातून आणलेल्या मेमरीच्या दोन पट्ट्या आत दाबून बसवल्या. मी ओढणीबद्दल बोलायचं ठरवलं आणि सोडून दिलं.

मग त्या खोलीत जे उभं राहिलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. एका संगणकाच्या पोटात अनेक खोटे संगणक. प्रत्येकाला वाटतं आपण एकटे आणि खरे. त्यांच्यामध्ये खोट्या तारा, त्यांना जोडलेल्या खोट्या डिस्क. ज्या कपाटांना हलवायला चार माणसं लागतात, ती तिथे काळ्या पडद्यावर ओळी होऊन राहतात. याला व्हर्च्युअल लॅब म्हणतात हे मला त्याने कागदावर लिहून सांगितलं. त्याखाली लिहिलं, "इथे काहीही मोडलं तरी चालतं."

मी शाळेतून आले की चहा घेऊन त्याच्या शेजारी बसायची. त्याचे डोळे पडद्यावर आणि हात कळफलकावर गुंतलेले, म्हणून कामाच्या पायऱ्या सांगणारं पुस्तक टॅबवर उघडून मी मोठ्याने वाचायची. इंग्रजी शब्द, बरेचसे मला न कळणारे. पण वाचायचा मला सराव. मुलांना धडा वाचून दाखवावा तसं मी वाचत गेले, तो टाइप करत गेला. बाहेर कुणाच्या तरी वाडीत पाणी सोडलेलं असायचं, केळींच्या पानांवर उतरतं ऊन, पंपाचा आवाज, आणि खोलीत पंखा घरघरतोय. घरात बोलणारी मी एकटी, आणि मी बोलत होते ते शब्द माझे नव्हते. कधीकधी वाचता वाचता अशी तंद्री लागायची की आपण दोघं कुठल्या तरी पाण्याखालच्या गावात बसलोय असं वाटायचं.

एके संध्याकाळी त्याने हात थांबवले आणि पडद्याकडे बोट केलं. नव्या यंत्राला नाव द्यायचं होतं. चौकोनात रेषा लुकलुकत होती.

"काहीही दे," मी म्हणाले.

त्याने जरा विचार करून इंग्रजी अक्षरांत लिहिलं, अर्नाळा.

मला हसू आलं. मग दुसरं यंत्र आलं. त्याचं नाव चांदीप. तिसरं, जे या दोघांकडून माहिती मागणार, ते सातिवली.

"चांदीप का?"

त्याने कागद ओढला. 'अर्नाळा मुख्य. समुद्राला लागून. काही झालं तर? म्हणून सगळ्याची प्रत दूर, आत, पूर्वेला. चांदीपला.' आणि मग कंसात, 'सातिवलीत गोडाऊन आहेत म्हणून ते गिऱ्हाईक.'

त्या दिवसापासून मला त्या काळ्या ओळींमधून वास यायला लागले. तो अर्नाळ्यात फाइल ठेवायचा, आणि मला दोरीवर टांगलेले बोंबील दिसायचे, जबडे एकमेकांत अडकवलेले, वाऱ्यावर हलणारे. थोड्या वेळाने तीच फाइल चांदीपला पोचल्याचा संदेश यायचा, आणि माझ्या डोळ्यांसमोर भात कापून झालेली शेतं, त्यांत पेरलेला वाल, त्यावरचं धुकं. मधला घोडबंदरकडे जाणारा तो गजबजलेला हायवेसुद्धा ती फाइल न थांबता ओलांडून जायची.

आणि सायमन माझ्याशी बोलायला लागला, तो तिथूनच. काळ्या पडद्यावर कमांड लिहायच्या जागी त्याने एकदा लिहिलं, 'चहात साखर कमी.' यंत्राने लगेच उत्तर दिलं की अशी कमांड सापडली नाही. मी म्हणाले, "बघ, त्यालाही पटत नाही." मग रोजचंच झालं. 'ज्युली दमलीस का.' कमांड सापडली नाही. 'रिया फोन उचलत नाही.' सापडली नाही. 'आज माडाच्या सावलीत बसू.' सापडली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण आपल्याला दिवसभरात काय काय वाटतं हे सायमनने मला इतकं कधी सांगितलं नव्हतं. तो बोलता असताना कामापुरतंच बोलायचा, आणि उरलेला आवाज गाण्यात जायचा.

अर्नाळ्याहून आमच्याकडे कुंदाबाय सुकी मासळी घेऊन यायची. ती आली की ओटीवरच बसायची. तिचा आवाज भरतीच्या वेळी खाडीपलीकडे पोचेल असा. सायमन दारात दिसला की ती त्याच्याकडे पाहून मोठ्याने बोलायची, जणू त्याला ऐकू येत नाही.

"काय गो, तुजा दादला अजून बोलत नाय?"

"नाही बाय, डॉक्टरांनी मना केलंय."

"पानी गरम पाज त्याला. हळद टाक." मग त्याच्याकडे वळून, "अरे, बोलायचा नाय तर नको बोलू! माजा नवरा तीस वर्सं बोलला, काय कामाचा बोलला?"

सायमन हसला. त्याचे खांदे हलले, तोंड उघडं, डोळ्यांत पाणी, आणि आवाज शून्य. मी कधी माणसाला असं हसताना पाहिलं नव्हतं. कुंदाबायने टोपलीतून चार बोंबील जास्त काढून माझ्या पदरात टाकले आणि पैसे न घेता उठली.

पंधरा दिवस संपले त्या सकाळी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर म्हणाले, "बोला. हळू. तुमचं नाव सांगा." सायमनने तोंड उघडलं. नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा. डॉक्टरांनी आत पाहिलं आणि म्हणाले की जखम अजून पूर्ण भरली नाही, आणखी काही आठवडे थांबू. अहवाल? तो अजून आलेला नव्हता. काहीतरी शंका होती म्हणून गाठीचा नमुना दुसऱ्या ठिकाणी दाखवायला पाठवला होता.

परत येताना रिक्षात मी बडबड करत राहिले. घरी आल्यावर सायमन सरळ रियाच्या खोलीत गेला आणि पंखा घरघरायला लागला. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. काय झालं कुणास ठाऊक, मी सुरी ठेवली आणि त्या खोलीत जाऊन ओरडले, "दुसरं काही सुचत नाही का तुला? त्या खोट्या कपाटांत तोंड घालून बसलायस! माझ्याशी काहीतरी बोल ना!"

म्हटलं आणि जीभ चावली. तो उठून बाहेर गेला. खिडकीतून मला तो बावखलाच्या काठी उभा दिसत होता, हात मागे बांधून, पांगाऱ्याच्या खाली. फुलं गळून त्याच्या सदऱ्यावर पडत होती, तो झटकत नव्हता. मी जाऊन शेजारी उभी राहिले. कुणी कुणाची समजूत काढली नाही. पाण्यात एक खंड्या सूर मारून वर आला, चोचीत मासा घेऊन. सायमनने माझा हात धरला आणि त्यावर बोटाने एक अक्षर लिहिलं. मग दुसरं. मला ओळखायला वेळ लागला. 'भीती', त्याने लिहिलं होतं. "मलाही," मी म्हणाले. त्या गाठीबद्दल आम्ही एवढंच बोललो, पण ते बोललो.

त्या दिवसांत गावात वीज सारखी जायची. एका दुपारी ती गेली तेव्हा तो दोन्ही गावांमधली प्रतींची साखळी नुकतीच पुरी करून खुर्चीत मागे रेलला होता. पंखा थांबला, पडदा मिटला. वीज आली तेव्हा अर्नाळा उठेना. चांदीप उठलं, पण अर्धवट, त्याला स्वतःच्या डिस्क ओळखू येईनात. मी विचारलं, "पण ते असतं ना, तू सांगितलं होतंस, त्या क्षणाचा फोटो काढून ठेवतात? स्नॅपशॉट? तिथे परत जाता येतं?"

सायमनने कपाळावर हात मारला. काढायचा राहिला होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या माहितीच्या प्रती जपणारा माणूस, आणि स्वतःच्या लॅबची प्रत नाही. तो पुन्हा तसाच हसायला लागला, बिनआवाजाचा, पोट धरून, आणि मीही. मी आवाज काढून हसत होते, त्याच्याही वाटणीचं. नंतर त्याने सगळं पुसलं आणि पहिल्यापासून बसवायला घेतलं. दुसऱ्या खेपेला त्याचे हात चटचट चालत होते. माझं वाचन त्याच्या मागे पडत होतं, आणि मग एका दिवशी लक्षात आलं की त्याला माझ्या वाचनाची गरज उरलेली नाही. मी तरी वाचत राहिले. त्यानेही थांबवलं नाही.

ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार, त्याच्या आदल्या दिवशी अहवाल आला. गाठ साधी होती. फोनवर मी ऐकलं, आणि सायमनला सांगायला गेले. मग मी त्याच्या शेजारी बसून काळ्या पडद्यावर टाइप केलं, 'रिपोर्ट चांगला आहे.' यंत्र म्हणालं, कमांड सापडली नाही. सायमनने ती ओळ कितीदा तरी वाचली.

त्याच आठवड्यात मी म्हणाले, "मला तुझं चांदीप दाखव." स्कूटर काढली. विरार ओलांडून, हायवे ओलांडून पूर्वेला गेलो. डोंगर जवळ येत गेले. भाताची खाचरं कोरडी होती, बांधांवर काजूला फळं धरली होती. आम्ही एका बांधावर बसून बरोबर नेलेले ताडगोळे खाल्ले. डॉक्टरांनी थोडं गुणगुणायला परवानगी दिली होती. सायमनने ओठ मिटून सूर लावला. तो सूर नव्हताच. जाड पोत्यावरून काहीतरी ओढत न्यावं तसा आवाज. मध्येच तुटला, पुन्हा आला. शेतात वालाच्या सुकल्या शेंगा काढणाऱ्या एका बाईने वळून पाहिलं. सायमन थांबला. त्याच्या चेहऱ्यावर मी पाहिलं की त्याला कळलंय. आवाज येईल, पण पूर्वीचा तो येणार नाही.

"पुन्हा कर," मी म्हणाले.

त्याने पुन्हा केला.

ईस्टर होऊन गेल्यावर परीक्षा झाली. आमच्याच पुढच्या खोलीत, लॅपटॉप उघडून. मला शाळेतून अर्ध्या दिवसाची सुट्टी होती. मी ओटीवर मोगऱ्याच्या कळ्या घेऊन बसले होते, पण एकही कळी दोऱ्यात गेली नाही. आतून सायमनचा नवा आवाज येत होता, कमी, खरखरीत, शब्दांमध्ये मोठी अंतरं. परीक्षकांनी मुख्य यंत्र बंद पडल्याचं दृश्य दिलं होतं. दुसऱ्या ठिकाणावरून काम सुरू करायचं, काही न गमावता, आणि प्रत्येक पायरी सांगत जायची. त्यांच्या यंत्रांना भलतीच नावं होती, पण मला ऐकू येत होतं ते अर्नाळा बंद पडलंय एवढंच.

मग सायमनचा आवाज तुटला. एकदा, दोनदा खाकरल्याचा आवाज. मग काहीच नाही. मी उभी राहिले. दारापर्यंत गेले आणि तिथेच थबकले.

लॅपटॉपमधून एका बाईचा आवाज आला. इंग्रजीत, सावकाश. तिने विचारलं, पाणी हवं आहे का. मग कळफलक वाजायला लागला. सायमन पडद्यावरच लिहीत होता, जसा माझ्याशी बोलताना लिहायचा तसा, प्रत्येक कामाच्या शेजारी एक ओळ. ती बाई म्हणाली, "चालेल. लिहून सांगा, आम्ही वाचतोय." पुढचा सगळा वेळ फक्त कळा वाजत होत्या, न अडखळता.

तो पास झाला. पत्र आलं तेव्हा त्याने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं, मध्ये दोनदा थांबून. कामावर परत गेला. गायनवृंदात एकदाच गेला आणि तालमीनंतर घरी येऊन म्हणाला, "त्यांना माझ्यासाठी सूर खाली आणावा लागतो. बरं नाही वाटत." आता चर्चमध्ये मिस्सेला तो शेवटच्या बाकावर असतो. गाणं सुरू झालं की त्याचे ओठ हलतात. शेजारी उभी राहून मी कान देते. कधी काही ऐकू येतं, कधी नाही. हे दुःख गेलेलं नाही. त्याची सवय झाली आहे असं म्हणणंही खोटं होईल.

पण त्या मे महिन्यात एक वेगळंच झालं. त्याच्या ऑफिसातल्या काहींना पुढच्या फेरीत तीच परीक्षा होती. त्यांतले वसई-विरारकडचे काहीजण एका रविवारी सरावाला आमच्याकडे आले. रियाच्या खोलीत मावेना म्हणून संगणक पुढच्या खोलीत आणला. पडद्यावर अर्नाळा, चांदीप, सातिवली पाहून सगळे हसले. एकजण म्हणाला, "सर, मी सातिवलीचाच!" मग सायमनने समजावायला सुरुवात केली. मी आत भात लावला होता. छताचा पंखा, बाहेरचा पंप, ओट्यावरचा कुकर, या सगळ्यांत त्याचा आवाज बुडत होता. मागे बसलेला एक जण म्हणाला, "सर, जरा मोठ्याने सांगाल का?"

आत माझे हात थांबले. पूर्वीचा सायमन असता तर त्याच्या आवाजाने भिंत भरली असती. आता तो कसनुसा हसेल, गप्प होईल, मला हाक मारेल, काय काय मनात येऊन गेलं.

"नाही होणार," सायमन म्हणाला. शांतपणे, कसलीही लाज न वाटता. "तुम्हीच जरा जवळ या."

खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. मग कुणीतरी उठून पंखा बंद केला. मी कुकरखालचा गॅस बारीक केला, हात पुसले, आणि एक पाट घेऊन बाहेर त्यांच्यात जाऊन बसले.